व्होल्टेज उतरला की करंट वाढतो की घटतो? (दादाशी पैज लागली आहे)

अर्धवट_सर्किट

मंडळी, प्रश्न बाळबोध वाटेल, पण गेले चार दिवस यावरून घरात शीतयुद्ध चालू आहे.

संध्याकाळी आमच्याकडे व्होल्टेज उतरतो. २३० चा कधीकधी २०० होतो. दादा म्हणतो, व्होल्टेज उतरला की करंट वाढतो आणि म्हणून वायरी तापतात. मी म्हणतो, व्होल्टेज उतरला तर करंटही उतरणार, शाळेत ओहमचा नियम शिकलो तो काय उगाच? शेवटी दोघांनी पाण्याची किटली समोर ठेवून कागदावर गणित मांडलं. किटलीवर लिहिलंय २३० व्होल्ट, २००० वॅट.

माझं गणित: किटलीचा रोध = २३० × २३० ÷ २००० = २६.४५ ओहम. २३० व्होल्टला करंट ८.७ अँपिअर. २०० व्होल्टला २०० ÷ २६.४५ = ७.५६ अँपिअर. घटला.

दादाचं गणित: करंट = वॅट ÷ व्होल्ट. २००० ÷ २०० = १० अँपिअर. वाढला.

दोन्ही सूत्रं पुस्तकातली, गुणाकार-भागाकार दोघांचेही बरोबर. मग उत्तरं दोन कशी?

यात भर म्हणून मी शहाणपणा केला. जुना ६० वॅटचा, तारेचा बल्ब होल्डरमधून काढून मीटरने त्याचा रोध मोजला. ६५ ओहम आला. २३० ÷ ६५ = साडेतीन अँपिअर, म्हणजे आठशे वॅटच्या वर. बल्बवर तर ६० लिहिलंय! मीटर बिघडलाय की मी?

---

निवांत

खुर्ची टाकून बसलो आहे. वाचनखूण साठवली.

---

ओहमकार

मीटरही ठीक आहे आणि तुम्हीही. पैज मात्र किटलीपुरती तुम्ही जिंकलीत.

दोन्ही सूत्रं एकाच वेळी खरी असतात, त्यांचं भांडण नाही. दादांचा घोटाळा असा की त्यांनी वेगवेगळ्या वेळचे आकडे एकाच सूत्रात घातले. २००० वॅट हा आकडा २३० व्होल्टचा. किटलीवर दोन्ही शेजारी-शेजारी छापले आहेत ते त्यासाठीच. २०० व्होल्ट मिळत असताना किटली २००० वॅटची राहतच नाही, ती २०० × ७.५६ = १५१२ वॅटची होते. आता दादांचंच सूत्र वापरा: १५१२ ÷ २०० = ७.५६. आलं ना तेच?

म्हणून सूत्र हातात घेण्याआधी एकच प्रश्न विचारायचा: व्होल्टेज बदलला तर या वस्तूत काय कायम राहतं? किटलीत तारेचं वेटोळं आहे, त्याचा रोध जवळजवळ कायम राहतो. हीटरमध्ये मुद्दाम नायक्रोमसारखा मिश्रधातू वापरतात, तो तापला तरी त्याचा रोध फारसा हलत नाही. त्यामुळे तिथे व्होल्टेज ÷ रोध हाच रस्ता, आणि व्होल्टेज उतरला की करंट उतरतो.

आता दादांची बाजू. संगणकाचा, फोनच्या चार्जरचा किंवा एलईडी टीव्हीचा पॉवर सप्लाय घ्या. आतलं सर्किट आउटपुट जेवढ्यास तेवढं राखायला बसलेलं असतं. बाहेर २३० असो की २००, आतल्या यंत्राला १४० वॅट हवेत तर ते १४० वॅटच ओढणार. तिथे वॅट कायम, म्हणून व्होल्टेज उतरला की करंट खरोखर वाढतो. दादांचं सूत्र तिथे आल्याबरोबर लागू.

बल्बचं नंतर लिहितो, ते प्रकरण मजेदार आहे.

---

जुना_वायरमन

ओहमकार बरोबर बोलतोय, पण मोटार राहिली. पंपाची मोटार ना किटलीसारखी वागते ना चार्जरसारखी. पाणी तेवढंच, उंची तेवढीच, म्हणजे शाफ्टवरचं काम जवळपास तेवढंच. व्होल्टेज उतरला की इंडक्शन मोटारीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने पडतो. २३० चे २०० झाले की जास्तीत जास्त जोर सुमारे तीन चतुर्थांश उरतो. मोटार थोडी मागे पडते, घसर वाढते, आणि तेच काम ओढण्यासाठी जास्त करंट घेते. मी जळालेल्या जेवढ्या मोटारी उघडल्या त्यांतल्या पुष्कळ कमी व्होल्टेजवर रोज चालवलेल्या होत्या. लोकांना वाटतं जास्त व्होल्टेजनेच वस्तू जळते.

दादाला सांग, काका म्हणाले पंपाबाबत तू बरोबर.

---

अर्धवट_सर्किट

काका, हे मी त्याला सांगणार नाही. 😄

---

शंकासुर

म्हणजे ओहमचा नियम किटलीला लागू, चार्जरला नाही, मोटारीला नाही. मग तो नियम कसला? हा तर किटलीचा नियम झाला.

---

मीटरवाली

शंकासुर, दिवे घ्या, पण तुमचं म्हणणं वाटतं तितकं चूक नाही.

कोणत्याही वस्तूत या क्षणी किती व्होल्टेज आहे आणि किती करंट वाहतोय यांचं गुणोत्तर कधीही काढता येतं, त्याला हवं तर रोध म्हणा. ओहमने सांगितलं ते याहून अधिक आहे. धातूच्या तारेत, तापमान कायम ठेवलं तर, हे गुणोत्तर *बदलत नाही*. व्होल्टेज दुप्पट, करंट दुप्पट. "तापमान कायम ठेवलं तर" हे चार शब्द पाठांतरात गळून पडतात आणि मग अर्धवट_सर्किट यांच्या बल्बसारखी फजिती होते.

बल्बची तार टंगस्टनची. मीटरने मोजली तेव्हा ती खोलीइतकी गार होती. पेटल्यावर ती सुमारे अडीच हजार अंश सेल्सिअसला जाते आणि रोध बारा-पंधरा पट होतो. पेटलेल्या ६० वॅटच्या बल्बचा रोध २३० × २३० ÷ ६० = ८८२ ओहम, करंट ०.२६ अँपिअर. तुमचे ६५ ओहम खरे, ८८२ ही खरे. आणि तुमचे साडेतीन अँपिअरसुद्धा पूर्ण खोटे नाहीत! बटण दाबल्यावर पहिल्या काही मिलिसेकंदांत बल्ब खरोखरच असा करंट ओढतो. तारेचे बल्ब बहुधा बटण दाबतानाच जायचे, ते आठवतंय का? वापरून बारीक झालेल्या जागी तो पहिला झटका सोसत नाही.

व्होल्टेज उतरला तर बल्बचं काय? करंट घटतो, पण किटलीइतका नाही. तार थोडी गार होते, रोध थोडा कमी होतो, त्यामुळे व्होल्टेज दहा टक्के पडला तर करंट पाच-सहा टक्केच पडतो. उजेड मात्र बराच जास्त पडतो.

---

ओहमकार

मीटरवाली यांनी माझा प्रतिसाद आधीच लिहून टाकला, त्यामुळे आता अवांतर.

ओहमलाही पहिल्यांदा चुकीचंच उत्तर मिळालं होतं. १८२५ साली त्याने पहिला निबंध लिहिला तेव्हा तो व्होल्टाच्या घटमाला वापरत होता. त्या घटांचा दाब मोजता मोजताच पडायचा, आकडे डगमगायचे, आणि त्याने मांडलं चक्क लॉगॅरिदमचं सूत्र. मग पोगेनडॉर्फ या भौतिकशास्त्रज्ञाने त्याला घटमालेऐवजी थर्मोकपल (दोन धातूंचे सांधे, तापमानातल्या फरकावर व्होल्टेज देणारे) वापरायला सुचवलं. तांबं आणि बिस्मथ यांचा एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. व्होल्टेज अगदी चिमूटभर, पण स्थिर. करंट मोजायचा तारेला टांगलेल्या चुंबकसुईच्या वळण्यावरून. १८२६ मध्ये त्याला जे नातं सापडलं ते आजच्या भाषेत असं:

करंट = स्रोताचा दाब ÷ (स्रोताचा आणि उरलेल्या मंडळाचा रोध + तपासायच्या तारेचा रोध)

पुस्तक १८२७ चं. लक्षात घ्या, छेदात दोन रोध आहेत. शाळेत आपण पहिला खोडून टाकतो. बहुतेक वेळा चालून जातं, आणि चालत नाही तेव्हाच माणूस असा धागा काढतो.

रच्याकने, करंटला इंग्रजी पुस्तकांत 'आय' हे अक्षर का, याचं उत्तर फ्रेंचमध्ये आहे. प्रवाहाच्या तीव्रतेला ते 'इंतांसिते' म्हणायचे, त्याचं आद्याक्षर.

---

दहावी_ब

नमस्कार, मी या संकेतस्थळावर नवीन आहे. माझा प्रश्न वेगळा आहे पण इथेच विचारतो. १२ व्होल्टची बॅटरी, तिला १०० ओहमचा रोध एकसर जोडणीत, आणि त्याच्यापुढे २२० आणि ३३० ओहमचे दोन रोध समांतर. २२० मधून किती विद्युतधारा? मी १२ ÷ २२० केलं, ०.०५४५ अँपिअर म्हणजे ५४.५ मिलिअँपिअर आलं. उत्तर ३१ आहे. कसं?

---

मीटरवाली

ये बाळा, बस. तुझी चूक आणि वरच्या दादांची चूक सख्ख्या बहिणी आहेत.

१२ व्होल्ट हे बॅटरीचं विभवांतर. २२० ओहमच्या रोधाच्या दोन टोकांमध्ये १२ व्होल्ट आहेत का? नाहीत. वाटेत १०० ओहमचा रोध आपला वाटा खातो. ज्या रोधाने भागतोयस, *त्याच रोधाच्या* दोन टोकांमधलं विभवांतर घ्यायचं.

आधी समांतर जोडी एकत्र कर: २२० × ३३० ÷ (२२० + ३३०) = १३२ ओहम. त्यात १०० मिळव, २३२. एकूण धारा १२ ÷ २३२ = ५१.७ मिलिअँपिअर. इथेच कळतं की तुझं उत्तर चूक असणार: एका फांदीतून ५४.५ आणि सगळ्या खोडातून ५१.७, असं कसं होईल? हा ताळा परीक्षेतही करत जा, अर्धं मिनिट लागतं.

आता जोडीवरचं विभवांतर: ०.०५१७ × १३२ = ६.८३ व्होल्ट. त्यावरून २२० मधून ३१, ३३० मधून २०.७. बेरीज ५१.७. एका बिंदूपाशी जेवढं आलं तेवढं गेलं, हा किरचॉफचा नियम. १८४५ साली त्याने तो मांडला तेव्हा तो विद्यार्थीच होता, तुझ्याहून फार मोठा नव्हे.

एक सोय सांगते. व्होल्टला किलोओहमने भागलं की उत्तर थेट मिलिअँपिअरमध्ये येतं. ५ व्होल्ट आणि २.२ किलोओहम, झाले २.२७ मिलिअँपिअर. शून्यं मोजत बसायची गरज नाही.

---

दहावी_ब

समजलं! धन्यवाद ताई. अजून एक. एलईडीचा रोध किती धरायचा? पुस्तकात कुठेच दिलेला नाही.

---

ओहमकार

दिलेला नाही कारण धरण्यासारखा नसतोच. एलईडी म्हणजे उंबरठा आहे. लाल एलईडीत सुमारे २ व्होल्टच्या खाली नगण्य करंट, आणि उंबरठा ओलांडला की व्होल्टेज जरासा वाढला तरी करंट उसळतो. म्हणून तिच्यापुढे रोध लावतात आणि गणित त्या रोधाचं करतात. १२ व्होल्टचा स्रोत असेल तर रोधावर उरले १२ − २ = १०. हवेत २० मिलिअँपिअर, म्हणजे १० ÷ ०.०२ = ५०० ओहम. बाजारात ५६० सहज मिळतो, त्याने १७.९ मिलिअँपिअर, उत्तम. रोधात १० × ०.०१७९ म्हणजे सुमारे ०.१८ वॅट जळतात, तेव्हा पाव वॅटचा पुरतो, पण हाताला गरम लागेल.

रोध न लावता एलईडी १२ व्होल्टला जोडली तर ती एकदाच पेटते. (स्वानुभव.)

---

शंकासुर

बरं, आता माझी खरी शंका. घरातल्या ९ वॅटच्या एलईडी बल्बचा करंट ९ ÷ २३० = ०.०३९ अँपिअर यायला हवा. माझ्या मीटरवर ०.०७१ येतो. जवळजवळ दुप्पट. कंपनी खोटं लिहिते का?

---

मीटरवाली

नाही. तुम्ही एसीवर आहात, तिथे वॅट = व्होल्ट × अँपिअर × पॉवर फॅक्टर. ९ ÷ (२३० × ०.०७१) = ०.५५, हा तुमच्या बल्बचा पॉवर फॅक्टर. स्वस्त छोट्या ड्रायव्हरमध्ये सरळ डायोड आणि कपॅसिटर असतो. व्होल्टेजच्या लाटेचा माथा आला की तो घाईघाईने घोटभर करंट घेतो आणि बाकी वेळ गप्प बसतो. अशा टोकदार करंटला साधा स्वस्त मीटर चुकीचा आकडाही दाखवू शकतो, 'ट्रू आरएमएस' (लाट कोणत्याही आकाराची असली तरी खरा आकडा देणारा) लिहिलेला मीटर लागतो.

कॉइलमध्ये कारण वेगळं, परिणाम तसाच. समजा एका कॉइलच्या तारेचा रोध १०० ओहम आहे आणि इंडक्टन्स, म्हणजे बदलत्या करंटला अडवण्याचा गुण, ०.५ हेन्री. ओहममीटरवर १०० दिसणार. डीसीला २३० व्होल्ट दिले तर २.३ अँपिअर. पण ५० हर्ट्झच्या एसीला कॉइल आणखी अडवते: २ × ३.१४१६ × ५० × ०.५ = १५७ ओहम. हे दोन सरळ मिळवायचे नाहीत, काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजूंसारखे मिळवायचे. १०० चा वर्ग अधिक १५७ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ १८६. करंट २३० ÷ १८६ = १.२४ अँपिअर. व्होल्ट गुणिले अँपिअर २८४ भरतात, प्रत्यक्षात उष्णता होते ती फक्त १५३ वॅट. उरलेलं कॉइल घेते आणि परत करते, घेते आणि परत करते. वायरीला मात्र पूर्ण १.२४ अँपिअर वाहावा लागतो, तिला या देवाणघेवाणीशी देणंघेणं नाही. म्हणून वायर निवडताना वॅट बघायचे नाहीत, अँपिअर बघायचे.

---

जुना_वायरमन

मोटारीच्या कॉइलचा रोध मोजून करंट काढायला जाणारे शिकाऊ मी दरवर्षी बघतो. डीसी मोटारीवर समजावतो, सोपं पडतं. १२ व्होल्टची मोटार, आर्मेचरचा, म्हणजे फिरणाऱ्या वेटोळ्याचा, रोध अर्धा ओहम. १२ ÷ ०.५ = २४ अँपिअर. चालताना बघितला तर ३. बाकीचा २१ गेला कुठे? कुठेच नाही. फिरणारी मोटार स्वतःच जनित्र होते आणि उलटा व्होल्टेज तयार करते. ३ अँपिअरला रोधावर पडले दीड व्होल्ट, म्हणजे उलटा व्होल्टेज साडेदहा. १२ मधून १०.५ गेले, उरले १.५, भागिले ०.५, बरोबर ३. आता शाफ्ट हाताने दाबून धरा (लहान मोटार असेल तरच!). उलटा व्होल्टेज शून्य, करंट पुरा २४, आणि थोड्याच वेळात वास येतो.

अडकलेली मोटार का जळते आणि सुरू होताना एवढा करंट का घेते, दोन्हीचं उत्तर इथेच आहे.

तीन फेजची मोटार विचारणार असाल तर आधीच लिहून ठेवतो. ७.५ किलोवॅट, ४०० व्होल्ट, पॉवर फॅक्टर ०.८५, कार्यक्षमता ०.८८. करंट = ७५०० ÷ (१.७३२ × ४०० × ०.८५ × ०.८८) = साडेचौदा अँपिअर. पाटीवरचे किलोवॅट हे शाफ्टवर *मिळणारे* असतात, ओढलेले नव्हेत, म्हणून कार्यक्षमतेनेही भागायचं. हे विसरून बारीक केबल टाकणारे आहेत. थेट चालू केली तर पहिल्या क्षणी याच्या सहा पट धरा. बाकी पाटीवर अँपिअर लिहिलेले असतात, ते वाचावेत. गणित करून पाटी खोटी पाडायला जाऊ नये.

---

अर्धवट_सर्किट

धागा माझ्या हातून केव्हाच सुटला आहे, पण मजा येतेय. गणितं पुरे, आता प्रत्यक्ष मोजायचं ठरवलंय. मल्टिमीटर दहा अँपिअरच्या खाचेत लावून सॉकेटमध्ये दोन्ही टोकं घालू का?

---

जुना_वायरमन

नको!!!

---

मीटरवाली

काकांच्या तीन उद्गारचिन्हांना अनुमोदन. अँपिअरच्या खाचेत मीटर म्हणजे जवळजवळ नुसती तार असते. तिला सॉकेटवर लावणं म्हणजे शॉर्ट सर्किट. नशीब असेल तर मीटरचा फ्यूज जातो. नशीब नसेल तर मीटर हातात फुटतो. माझा पहिला फ्यूज असाच गेला, तोही नुसत्या बॅटरीवर: व्होल्टेज मोजून झाल्यावर टोकं अँपिअरच्या खाचेत तशीच विसरले होते. करंट मोजताना मीटर वाटेत, एकसर लागतो. दोन टोकांवर फक्त व्होल्टेज मोजतात.

घरच्या वस्तूंसाठी प्लगमध्ये बसणारा वॅटमीटर घ्या. व्होल्ट, अँपिअर, वॅट, पॉवर फॅक्टर सगळं दिसतं आणि उघड्या तारेला हात लावावा लागत नाही. त्यावर लिहिलेल्या अँपिअरच्या वर जाऊ नका.

---

निवांत

क्लॅम्प मीटर नाही का चालणार? माझ्याकडे आहे, पण नेहमी शून्यच दाखवतो.

---

जुना_वायरमन

अख्खी केबल पकडत असणार. फेजमधून जाणारा आणि न्यूट्रलमधून येणारा करंट एकमेकांचं चुंबकक्षेत्र पुसून टाकतात. एकच वायर जबड्यात घ्यायची. आणि अख्खी केबल पकडून शून्य *आलं नाही* तर खूश होऊ नका, कुठेतरी गळती आहे.

---

अर्धवट_सर्किट

आणला वॅटमीटर. तीन संध्याकाळी मोजून हे हाती आलं:

संगणक: २२५ व्होल्टला ०.६२ अँपिअर, १९८ ला ०.७०. वाढला. दादा जिंकला.
पंप: २२५ ला ४.१, १९६ ला ४.५. वाढला. दादा पुन्हा जिंकला. 😒
किटली: इथे गंमत झाली. लावण्याआधी सॉकेटवर १९८ व्होल्ट. किटली चालू केली की १९१. करंट ७.२, वॅट १३८०. करंट घटला, मी जिंकलो, पण हे सात व्होल्ट मध्येच कुठे गेले? पाणी उकळायलाही नेहमीच्या जवळपास दीडपट वेळ.

---

ओहमकार

आलो ना ओहमच्या छेदातल्या पहिल्या रोधावर! ते सात व्होल्ट वाटेत पडले. ७ ÷ ७.२ म्हणजे तुमच्या सॉकेटच्या मागे, घरची वायर आणि बाहेरची लाइन धरून, सुमारे ०.९७ ओहम बसले आहेत. वितरण पेटीपासून सॉकेट किती लांब? वायर किती जाड?

---

अर्धवट_सर्किट

वीस मीटर असेल. अडीच चौरस मिलिमीटर, तांब्याची.

---

ओहमकार

अडीचच्या तांब्याला किलोमीटरला सुमारे ७.४ ओहम. जाऊन-येऊन ४० मीटर, म्हणजे ०.३ ओहम. उरले ०.६७. बाहेरच्या लाइनचा वाटा असेलच, पण सगळा तिच्या माथी मारण्याआधी हीच किटली दुसऱ्या खोलीतल्या, तेवढ्याच अंतरावरच्या सॉकेटवर लावून बघा.

---

अर्धवट_सर्किट

बघितलं. १९८ वरून १९५. तीनच व्होल्ट पडले.

---

जुना_वायरमन

तो पहिला सॉकेट वापरणं *आत्ता* बंद कर. किटली, इस्त्री, काही लावू नकोस.

हिशोब सांगतो. दुसऱ्या सॉकेटला ३ व्होल्ट, ७.३७ अँपिअर, म्हणजे ०.४१ ओहम. पहिल्याला ०.९७. लाइन तीच, अंतर तेवढंच. जास्तीचे ०.५६ ओहम पहिल्या सॉकेटच्या वाटेवर कुठेतरी एका जागी आहेत, बहुतेक ढिल्या स्क्रूखाली. ७.२ चा वर्ग गुणिले ०.५६ म्हणजे २९ वॅट. सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं.

एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) पडत नाही म्हणून निर्धास्त राहू नको. त्याच्या दृष्टीने ७.२ अँपिअर म्हणजे काहीच नाही. एवढंच नाही, उद्या तिथे शॉर्ट झालं तर २३० ÷ ०.९७, सुमारे २३७ अँपिअर येतील; १६ अँपिअरच्या सी प्रकारच्या एमसीबीला झटक्यात पडायला जास्तीत जास्त १६० लागतात, म्हणून पडेल. हाच रोध वाढत वाढत दोन ओहमवर गेला तर ११५ अँपिअरच येतील, आणि मग तो लगेच पडेलच याची खात्री नाही.

मेन बंद करून जाणत्या माणसाकडून उघडून घे. स्वतः उघडू नकोस.

---

अर्धवट_सर्किट

आज उघडून घेतला. न्यूट्रलचा स्क्रू ढिला होता. तारेवरचं प्लॅस्टिक अंगठ्याएवढं करपून काळं पडलं होतं आणि सॉकेट मागून वितळायला लागला होता. तार कापून नवी टोकं काढली, सॉकेट बदलला. आता किटली लावली की तीनच व्होल्ट पडतात.

दादाने हा सगळा धागा वाचला. म्हणतो, "वायर तापते एवढंच मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो." कारण त्याने चुकीचं दिलं होतं, हे मी त्याला सांगून पाहिलं. तो करपलेला तुकडा खिशात घालून निघून गेला.

---

शंकासुर

मग पैज कोण जिंकलं?